छातीठोक चुकणारा मिस्त्री

चुकतात सगळेच. पण बहुतेक लोक चाचरत चुकतात, खाली मान घालून चुकतात. आमचे काका छाती ठोकून चुकतात. त्यांची चूक इतक्या रुबाबात येते की ऐकणाऱ्याला स्वतःच्या शाळेचाच संशय यायला लागतो. मी लहानशा गावच्या शाळेत शिकलो, त्यामुळे मला तो संशय जरा लवकरच येतो.

काका धंद्याने सुतार. टीव्हीवरच्या एका प्रश्नमंजूषेच्या स्टुडिओत सेट उभा करायचं काम त्यांच्याकडे. पडद्यावर संगमरवरासारखा झळकणारा जो चौथरा दिसतो तो प्लायवूडचा असतो आणि त्याच्या पाठीमागे खिळे, चुका आणि पेन्सिलीच्या खुणा असतात. स्पर्धकाची खुर्चीही काकांनीच केलेली. ती पुढच्या बाजूला किंचित उतरती आहे, म्हणजे बसणारा सारखा घसरतो, सारखा सावरून बसतो आणि प्रेक्षकांना वाटतं की प्रश्नामुळे अस्वस्थ झालाय. मापाला काका पक्के. केसभर इकडचं तिकडे होणार नाही. सगळी चूक त्यांनी बोलण्यासाठी राखून ठेवलेली.

त्याच स्टुडिओत प्रश्न तयार करणाऱ्यांची एक खोली आहे, तिथे मी काम करतो. काकांनी शब्द टाकला म्हणून मला नोकरी लागली, असं काका सांगतात. आमच्या खोलीच्या प्रमुख बाई सांगतात, "मिस्त्री म्हणाले पोरगा हुशार आहे, म्हणून मी याची परीक्षा दोनदा घेतली."

तर प्रश्नांचं असं असतं. बरोबर उत्तर कुठल्याही पुस्तकात मिळतं. खरी बोंब चुकीच्या उत्तरांची. एका प्रश्नाला तीन चुकीचे पर्याय लागतात. ते इतके चूक नकोत की शेंबडं पोरही हसेल आणि इतके बरोबरही नकोत की कोणी वकिलाची नोटीस पाठवेल. शिकलेल्या माणसाला हे जमत नाही. त्याला खरं उत्तर ठाऊक असतं, त्यामुळे त्याच्या खोट्या उत्तराला खोटेपणाचा वास येतो. चुकीचं उत्तर मनापासून दिलेलं असावं लागतं.

एकदा आमच्या खोलीचं दार जमिनीला घासायला लागलं, म्हणून काका रंधा घेऊन आले. बाई एका प्रश्नावर डोकं धरून बसल्या होत्या. सूर्यमालेतला सगळ्यात तापलेला ग्रह कोणता? उत्तर शुक्र. पर्याय काही केल्या रंगत नव्हते. बाई आपल्याशीच मोठ्याने प्रश्न वाचत होत्या.

"बुध," काका दाराआडून म्हणाले.

"का हो?" बाईंनी विचारलं.

"का म्हणजे? शेगडीला चिकटून बसलेला तापणार, की दारात बसलेला तापणार?"

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. त्या आठवड्यात एक डॉक्टर, एक बँकेतला साहेब आणि भूगोलाच्या एक शिक्षिका, तिघेही बुधावर आपटले. शिक्षिका तर खुर्चीतून उठेनात.

तेव्हापासून आमचं दार वरचेवर अडकायला लागलं. बाई निरोप पाठवायच्या, "मिस्त्रींना म्हणावं, दार बघून जा." काका यायचे, बाई सहज विचारल्यासारखा प्रश्न टाकायच्या, काका उत्तर द्यायचे. मग बाई म्हणायच्या, "अजून?" काका दुसरं द्यायचे. "अजून?" तिसरं. तीन झाली की दार सुटायचं. पुढे पुढे दाराची सबब कोणालाच लागेना. खोलीत त्यांना नाव पडलं काटा. तराजूचा काटा जसा वजनाकडे झुकतो तसे हे उत्तराच्या बरोबर विरुद्ध बाजूला झुकायचे, आणि कधीही हलायचे नाहीत. नाव अर्थात त्यांच्या माघारी. तोंडावर मिस्त्री.

बाईंनी त्यांना दोनच पथ्यं घातली होती. खरं उत्तर विचारायचं नाही आणि कार्यक्रम बघायचा नाही. काट्याला गंज चढू नये म्हणून. काकांनी ती आनंदाने पाळली. उत्तर विचारायचं कशाला? ते तर आपणच दिलेलं. आणि कार्यक्रम काय बघायचा? सेट आपणच केलेला. आपण दिलेली उत्तरं बाई पुस्तकाशी ताडून बघतात आणि वापरतात, अशी त्यांची समजूत. घरी, शेजारी, न्हाव्याकडे सगळीकडे ते सांगायचे, "लाकूडकाम पोटासाठी. बाकी तिथे मी सल्लागार आहे."

सांगायचं कोणी? मी नाही सांगितलं. मी त्यांच्याच घरात राहतो आणि त्यांच्याच ताटात जेवतो.

काकूंनीही नाही सांगितलं, आणि त्यांना तर सगळं दिसत होतं. काकू लाँड्रीत इस्त्री करतात. तिथे भिंतीवर टीव्ही आहे आणि कार्यक्रमाच्या वेळेला नेमका शर्टांचा ढीग पुढ्यात असतो. कॉलर, खांदे, बाह्या, पाठ करता करता काकूंनी आमचे सगळे प्रश्न बघितले, आणि बघून बघून त्यांची बरीच उत्तरं पाठ झाली. कधी एखाद्या पर्यायात त्यांना नवऱ्याचा आवाज ऐकू यायचा. आदल्याच दिवशी जेवताना काकांनी तेच ठणकावून सांगितलेलं असायचं. पण घरात त्या विषयावर बोलायची बंदी. "अगं, मला उत्तर सांगू नकोस, मी बिघडेन," असं काकांनी बजावलेलं. आता जो माणूस बिघडेन या भीतीने बरोबर उत्तर ऐकत नाही, त्याच्यापुढे बायकोने करायचं काय? काकूंनी इस्त्री केली.

काकूंना फक्त एकच गोष्ट हवी होती. त्यांची धाकटी बहीण लग्न होऊन समुद्रापलीकडच्या देशात गेली, ती परत आलीच नाही. फोनवर दिसायची. तिचे केस पिकले तेही फोनवरच. काकू तिच्याकडे जायचं दरवर्षी ठरवायच्या आणि दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. एकदा छत गळलं, एकदा काकांची दाढ, एकदा मी.

अशात स्टुडिओवाल्यांनी एक खास भाग जाहीर केला. या वेळी बाहेरचे स्पर्धक नाहीत, कार्यक्रमाच्या पडद्यामागे राबणारे खेळणार. बक्षीस दोघांची विमानाची तिकिटं, जगात जिथे म्हणाल तिथली. आम्ही प्रश्नवाले सोडून बाकी सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. झाडूवाल्या मावशींनी चिठ्ठी काढली, आणि निघाले आमचे काका.

बाईंचा चेहरा पडला. मी म्हटलं, "बाई, अर्धे पर्याय त्यांनीच केलेत. त्यांना कसं बसवायचं?"

"त्यांना उत्तरं कुठे माहितीयत? हरतीलच ते," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बसवलं नाही तर कारण सांगावं लागेल. सांगतोस तू?"

मी चिठ्ठ्यांचा डबा उचलून जागेवर ठेवून आलो.

घरी काकूंनी त्या दिवशी भाजीत दोनदा तिखट घातलं. काका मात्र मोठ्या मौजेत. "बॅग काढून ठेव. तुझ्या बहिणीला कळव, येतोय म्हणून."

"अहो, एक ऐकाल?"

"बोल की."

"उत्तर द्यायच्या आधी जरा थांबत जा."

"थांबतो तो, ज्याला येत नाही."

"तरी थांबा. माझ्यासाठी."

"तू इस्त्री कर गं, उत्तरांचं मी बघतो."

चित्रीकरणाच्या दिवशी काकूंनी लाँड्रीतून सुट्टी घेतली, ठेवणीतले कपडे घातले आणि प्रेक्षकांत तिसऱ्या ओळीत येऊन बसल्या. आजूबाजूला सगळी आमचीच माणसं. रंगारी, विजेवाला, मेकअपवाली, कॅमेऱ्याच्या केबली ओढणारे. यांच्यापैकी एकही असा नव्हता ज्याला काकांनी कधी ना कधी अडवून ज्ञान पाजलेलं नाही. ते सगळे नाटक बघायला आल्यासारखे सरसावून बसले होते. मी आणि बाई वरच्या काचेच्या खोलीत.

काका खुर्चीत बसले, आणि त्या सबंध खुर्चीच्या इतिहासात प्रथमच कोणी न घसरता बसलं. उतार कुठे आहे ते त्यांना माहीत होतं.

आमच्या सूत्रसंचालकाला सगळे हसरा म्हणतात. हसण्याचाच त्याचा करार आहे. त्याने नियम सांगितला, तो आमच्या कार्यक्रमाचा ठरलेला आहे: पर्याय निवडला की उजवा तळवा टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, "हेच खरं. माझा शब्द." एवढंच. त्यात काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. ते वाक्य म्हटल्याशिवाय उत्तर धरलं जात नाही. वेळ संपली की खेळ खलास.

सुरुवातीचे प्रश्न सोपे असतात, चुकायला जागाच नसते. काका तळवा आपटत पुढे सरकले. एका प्रश्नात विचारलं, कापलेल्या खोडावरच्या वर्तुळांवरून काय कळतं? झाडाचं वय, हे सांगून काका थांबले नाहीत. कोणत्या वर्षी पाणी कमी पडलं हे कसं दिसतं, खालच्या फांदीजवळ कडं का दबतं, झाड म्हणजे काय चीज आहे, असं सगळं सांगत सुटले. "आधी झाड, मग बाकी जग," असा समारोपही केला. हसऱ्याचं हसू करारापुरतं उरलं.

शेवटचा प्रश्न उरला. खास भाग म्हणून तो बदनाम प्रश्नांच्या पेटीतून यायचा होता. ज्या प्रश्नांनी आजवर सगळ्यात जास्त माणसं झोपवली ते आम्ही वेगळे काढून ठेवलेत. त्यांतला कुठला द्यायचा ते मशीन ठरवतं. पडद्यावर अक्षरं उमटली आणि बाईंनी माझं मनगट धरलं.

झाडं पृथ्वीवर येण्याच्याही आधीपासून यांपैकी कोण पाण्यात आहे? कासव, मगर, देवमासा, शार्क.

हा प्रश्न काकांना विचारला होता तेव्हा मी खोलीतच होतो. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट असेल. बाई म्हणाल्या होत्या, "मिस्त्री, झाडांच्या आधीपासून पाण्यात आहे आणि आजही आहे, असा प्राणी कोणता?"

"झाडाआधी?" काका दुखावलेच. "बाई, झाडाआधी काही नव्हतं. सावली नाही, फळ नाही, टेकायला खोड नाही. जगायचं कशावर?"

"समजा, होतं."

"समजायचंच असेल तर कासव. चेहरा बघा त्याचा. किती युगं रांगेत उभं आहे."

"अजून?"

"मगर. अंगावर सालच आहे तिच्या. झाड करायच्या आधी देवाने नमुना केला असेल."

"अजून?"

"देवमासा. एवढं मोठं व्हायचं म्हणजे वेळ लागतो."

बाईंनी तिन्ही जसेच्या तसे टाकले. चौथं खरं. एक निवृत्त प्राध्यापक कासवावर गेले, एक पोलीस अधिकारी मगरीवर. शार्कला कोणी हात लावला नाही.

आता काका पडद्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा फुलत होता.

"हे तर माझं!" ते हसऱ्याला म्हणाले. "कासव. मीच सांगितलेलं बाईंना. घेतलं वाटतं त्यांनी." मग बोट खाली सरकलं. "मगर. हेही माझंच." बोट अजून खाली. "देवमासा..."

हसू अर्ध्यावर थांबलं. सुतार माणूस, जोड कुठे बसतो ते त्याला चटकन दिसतं. एक उत्तर बरोबर असतं तर बाईंनी दुसरं मागितलंच नसतं. दुसरं बरोबर असतं तर तिसरं मागितलं नसतं. आणि बाई तर नेहमीच तीन मागायच्या. नेहमीच.

काकांनी मान वर करून आमच्या काचेकडे बघितलं. बाई खाली वाकून, न पडलेली पेन्सिल शोधायला लागल्या. मला शोधायला काही सापडलं नाही, म्हणून मी काकांकडे बघत राहिलो. त्यांच्या डोळ्यांपुढून सगळे ग्रह, पर्वत, नद्या आणि राजे जाताना मला दिसत होते. इतकी वर्षं दिलेला सल्ला एकगठ्ठा परत येत होता.

"मिस्त्री, वेळ चाललाय," हसरा म्हणाला.

"शार्क," काका म्हणाले.

सभागृहात कुजबूज झाली. काटा शार्क म्हणाला, यावर कोणाचा विश्वास बसेना.

"तळवा ठेवा आणि वाक्य म्हणा."

काकांनी तळवा ठेवला. "उत्तर शार्क. पण ते खोटं आहे."

"तसं नाही चालत, मिस्त्री."

"मग असं लिहा. तुमच्या मते शार्क, मिस्त्रीच्या मते झाड."

"झाड पर्यायात नाही."

"तीच तर चूक आहे प्रश्नात!"

लोक हसून खुर्च्या वाजवायला लागले. रंगारी मागून ओरडला, "मिस्त्री, सोडू नका! आधी झाड, मग बाकी जग!" विजेवाल्याने शिट्टी मारली. घड्याळाचा काटा तांबड्या पट्ट्यात शिरला. हसरा घाम पुसत म्हणाला, "मिस्त्री, तुम्हाला काय वाटतं ते नंतर सांगा. फक्त ते वाक्य म्हणा. हेच खरं, माझा शब्द. एवढंच."

"वाटत नाही आणि म्हणू? शब्द आहे तो माझा."

मला वाटलं, संपलं. हा माणूस तिकिटं सोडेल, पण झाड सोडणार नाही. बाईही पेन्सिल सोडून उभ्या राहिल्या होत्या, त्यांचा श्वास काचेवर उमटत होता.

काकांनी तिसऱ्या ओळीकडे बघितलं. काकू त्यांच्याकडे बघत नव्हत्या. मांडीवरचा हातरुमाल तळव्याने सपाट करत होत्या. एक कड, दुसरी कड, पुन्हा पहिली कड. सुरकुती कधीच गेली होती तरी हात चालूच होता. त्यांना उत्तर माहीत होतं, आणि ते सांगायची सोय आजही नव्हती.

काकांनी त्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "हेच खरं. माझा शब्द."

इतक्या हळू म्हणाले की हसऱ्याला कानातलं यंत्र दाबून खात्री करून घ्यावी लागली. छाती न ठोकता निघालेलं काकांचं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

पडदा हिरवा झाला. रंगारी खुर्चीवर चढला. कोणीतरी काकूंना हाताला धरून चौथऱ्यावर आणलं आणि हसऱ्याने त्यांच्यापुढे माईक धरला. "काकू, तुम्हाला उत्तर माहीत होतं?"

"हो."

"मग मनात काय चाललं होतं?"

"हेच, की मी सांगितलं असतं तर यांनी मुद्दाम कासव म्हटलं असतं."

काका म्हणाले, "तुला शार्क माहीत होतं?"

"मला शुक्रही माहीत आहे."

"शुक्राचं काय?"

"जाऊ द्या."

आतल्या बोळात बाई वाट बघत उभ्या होत्या. मीही होतो, पण एका कपाटाच्या जरा मागे. काका येऊन त्यांच्यासमोर उभे राहिले.

"मिस्त्री," बाई म्हणाल्या, "बरोबर उत्तरं पुस्तकात फुकट मिळतात. तुमच्यासारखं चुकणारा माणूस मला शोधूनही सापडायचा नाही. मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

"हवं होतं."

"रागावलात?"

काकांनी विचार केला. हा मान आहे की अपमान, याचं माप ते मनात घेत असावेत. "शेवटी नावं येतात पडद्यावर, त्यात माझं सुतारकामात येतं ना?"

"हो."

"आता दोन ठिकाणी यायला पाहिजे. मेहनत आहे ती."

बाईंनी कबूल केलं. नाव कसं द्यायचं यावर पुढे बरीच खलबतं झाली, पण ते आमच्या खोलीचं दुखणं.

घरी आम्ही तिघे चालतच निघालो. काका मधे, तिकिटांचं पाकीट काकूंच्या पर्समध्ये. बंद दुकानाच्या पायरीवर काका जरा टेकले.

"तू तिथे लाँड्रीत कधीपासून बघतेस?"

"पहिल्या भागापासून."

"म्हणजे मी चुकतो हे तुला तेव्हापासून माहीत."

"ते लग्नापासून माहीत आहे. लाँड्रीत फक्त खात्री झाली."

"आणि एकदाही बोलली नाहीस?"

"लग्नाच्या पहिल्या वर्षी बोलले की. तुम्ही म्हणालात, तू चुकतेस."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी दुकानाची पाटी वाचत होतो, फार चांगली पाटी होती. ते उठले, पुन्हा चालायला लागले. कोपऱ्यावर वळताना त्यांनी घसा साफ केला.

"तिकडे, तुझ्या बहिणीकडे, या दिवसांत थंडी असते का?"

"असते," काकू म्हणाल्या.

"छे, समुद्राकाठी कसली थंडी," हे वाक्य पूर्ण तयार होऊन काकांच्या ओठांपर्यंत आलेलं मला स्पष्ट दिसलं. छातीही थोडी पुढे आली होती. त्यांनी ते गिळलं. गिळताना त्रास झाला, पण गिळलं.

"किती असते?" त्यांनी विचारलं.